दत्तोपंतांचा दमा

आपल्याला दमा झाला आहे असं दत्तोपंतांनी एका रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर ठरवलं. इतर माणसांना दमा होतो. दत्तोपंतांनी तो कचेरीत एखादा कागद मंजूर करावा तसा सगळ्या बाजूंनी तपासून मंजूर केला.

त्याला कारणंही होती. सकाळी उठल्यावर त्यांना खोकला येत असे (पहिली बिडी ओढून झाल्यावर येत असे, पण तो त्यांना निव्वळ योगायोग वाटायचा). नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या बिऱ्हाडाचा जिना चढून आलं की छाती भरून यायची. आणि मुख्य म्हणजे, कचेरीतले हेडक्लार्क दम्यापायी रजेवर गेले तेव्हा खुद्द गोऱ्या साहेबानं त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली होती. दत्तोपंतांच्या प्रकृतीची चौकशी साहेबानं सगळ्या नोकरीत एकदाच केली, तीही त्यांना दुसराच कोणी समजून.

"मला दमा आहे," सुपारी कातरता कातरता त्यांनी बायकोला सांगितलं.

सुभद्राबाई खरकटं काढत होत्या. त्या सरळ झाल्या, भिंतीला हात टेकून जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं."

एवढ्या मोठ्या बातमीला एवढंसं उत्तर मिळाल्यानं दत्तोपंत खट्टू झाले. पण अलीकडे तिचं बोलणंच कमी झालं होतं. मुलगी प्रेमलता लग्न होऊन वर्ध्याला गेल्यापासून घरात दोघंच. पूर्वी सुभद्राबाई भांडायला लागल्या की एका दमात दत्तोपंतांच्या आईकडच्या, वडिलांकडच्या आणि कचेरीतल्या सगळ्यांचा उद्धार करून मगच थांबायच्या. आता त्या दोन शब्दांच्या वर जात नसत. "बरं." "असू द्या." "नंतर सांगते." दत्तोपंतांनी याचा अर्थ असा लावला की इतक्या वर्षांनी का होईना, बायकोला आपलं म्हणणं पटायला लागलं आहे. त्यांनी कचेरीत हे दोघातिघांना सांगितलंही. ऐकणाऱ्यांना त्यांचा हेवा वाटला.

आता दमा झाला म्हणजे उपचार आले.

पहिला उपचार वाऱ्याचा. ते दिवस थंडीचे होते. स्वयंपाकघराला गल्लीच्या बाजूनं एक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून येणारा वारा स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून दत्तोपंतांच्या खाटेवर आणि तिथून थेट त्यांच्या छातीत शिरतो असा त्यांचा शोध होता. त्यांनी खिडकीला आतून फळ्या ठोकल्या आणि फटीत गोणपाटाच्या चिंध्या कोंबल्या. काम चांगलं झालं. चुलीचा धूरसुद्धा बाहेर जाईना.

"धूर कोंडतो हो," सुभद्राबाई म्हणाल्या.

"धूर गरम असतो," दत्तोपंत म्हणाले. "छातीला गरमच पाहिजे."

सुभद्राबाईंना यावर पुष्कळ बोलायचं असावं. त्यांनी तोंड उघडलं, श्वास घेतला, तो अर्ध्यावर अडला, आणि त्या म्हणाल्या, "बरं."

दुसरा उपचार काढ्याचा. अडुळशाची पानं, ज्येष्ठमध, सुंठ आणि मिरे एका भांड्यात घालून पाणी अष्टमांश होईपर्यंत आटवायचं, तेही मंद आचेवर. मंद आच म्हणजे ओलसर लाकूड, आणि ओलसर लाकूड म्हणजे सकाळपासून फुंकणी. सुभद्राबाई चुलीपुढे बसून फुंकत, डोळे पुसत, परत फुंकत. तिसरा उपचार वैद्यानं सांगितला होता: धोतऱ्याची वाळकी पानं निखाऱ्यावर टाकून, दारं लावून, त्याची धुरी घ्यायची. ती दत्तोपंत खाटेवर पांघरूण घेऊन घेत. निखारे आणायला, पानं टाकायला आणि विझलं तर परत पेटवायला कोणीतरी खोलीत लागायचंच. ती सुभद्राबाई. आणि चौथा उपचार दत्तोपंतांनी स्वतःच काढलेला. कफ सुटायला बिडी चांगली, म्हणून त्यांनी बिड्या वाढवल्या.

असा त्या घरात तीन तऱ्हेचा धूर झाला, आणि त्याच्या मधोमध दत्तोपंत रुग्ण म्हणून बसले.

सुभद्राबाईंनी मात्र सेवेत कसूर केली नाही. दत्तोपंतांच्या लक्षात आलं की हल्ली ती रात्री आडवीच होत नाही. मध्येच कधी जाग आली तर ती धान्याच्या कणगीला पाठ टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली दिसायची. दत्तोपंतांना गहिवरून आलं. आपल्याला धाप लागली तर चटकन उठता यावं म्हणून ही बाई बसून रात्री काढते आहे. त्यांनी हेही कचेरीत सांगितलं. "पुराणात वाचलं होतं," ते म्हणाले, "आता घरी बघून राहिलो." ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्याची बायको घोरत असे.)

सकाळी दळताना ती ओव्या म्हणायची, त्या बंद झाल्या. दत्तोपंत समजले की आपली झोपमोड होऊ नये म्हणून. नळाचं पाणी भरून जिना चढताना ती मधल्या वळणावर घागर ठेवून उभी राहायची. खाली राहणाऱ्या मारोतरावांच्या बायकोशी, देवकीशी, गप्पा मारायला थांबते असं त्यांना वाटलं. तेवढी एक गोष्ट त्यांना आवडली नाही, कारण काढ्याला उशीर व्हायचा.

मारोतरावांचं इतवारी बाजारात मिरचीचं दुकान होतं. माणूस आडवा, आवाज मोठा. एकदा जिन्यापाशी त्यांनी दत्तोपंतांना गाठलं.

"पंत, वहिनीले बरं नाही का?"

"तिला? तिला काय झालं? बरं मला नाही."

"आमची देवकी सांगून राहिली होती, का वहिनीचा जीव वरखाली होते म्हणून. जिन्यात घागर ठेवते, अन् बोलते म्हणावं तर बोलत बी नाही. नुसती उभी राहते."

"माझ्या काळजीनं," दत्तोपंत म्हणाले.

मारोतरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "डॉक्टरले काहून नाही दाखवत?"

हे दत्तोपंतांना एकदम पटलं. वैद्याच्या काढ्यानं गुण येत नव्हता आणि साहेबाला सांगायचं तर डॉक्टरचं नाव हाताशी हवं. (मारोतराव कोणाला दाखवायचं म्हणत होते, हे त्यांना मागाहून कळलं.) दुसऱ्याच दिवशी त्यांनी पांढरीपांडे डॉक्टरांना घरी बोलावलं.

पांढरीपांडे डॉक्टर म्हातारे होते आणि कमी बोलायचे. ते जिना चढून वर आले, दारातच थांबले आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. आत बसल्यावर त्यांनी दत्तोपंतांना सदरा काढायला लावला, कानात नळ्या घातल्या आणि पाठीवर छातीनळी टेकवली.

"श्वास घ्या. सोडा."

दत्तोपंतांनी घेतला, सोडला. जमेल तितका करुण सोडला.

डॉक्टरांनी नळी खाली सरकवली. मग वर सरकवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. दत्तोपंतांना बरं वाटलं.

"शिट्टी वाजल्यासारखी येतेय," डॉक्टर म्हणाले. "लांबून येतेय पण."

"खोल गेला असेल दमा," दत्तोपंत म्हणाले.

"बोलू नका. श्वास रोखा."

दत्तोपंतांनी श्वास रोखला. डॉक्टर ऐकत राहिले. बारीक, चिरकी शिट्टी येतच होती. फाटक्या भात्यातून हवा निघावी तशी.

"रोखलाय ना?"

दत्तोपंतांनी मानेनं हो म्हटलं.

"अजून रोखा."

दत्तोपंतांचे डोळे बाहेर यायला लागले. कान गरम झाले. शिट्टी चालूच. माणूस श्वास घेत नाही आणि छाती मात्र वाजते आहे, असा रोगी डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात पाहिला नसावा. त्यांनी हळूच कानातल्या नळ्या काढल्या.

नळ्या काढल्यावर शिट्टी जास्तच स्पष्ट ऐकू आली. ती स्वयंपाकघराच्या दारातून येत होती. दारामागे सुभद्राबाई डॉक्टरांसाठी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"सोडू का?" दत्तोपंतांनी कसंबसं विचारलं.

"सोडा," डॉक्टर म्हणाले. ते उठून दाराकडे गेले होते.

सुभद्राबाई तपासायला तयार नव्हत्या. परक्या पुरुषासमोर बसायचं त्यांना जमेना, म्हणून त्या दारामागेच पाटावर बसल्या. डॉक्टर बाहेरून विचारू लागले आणि दत्तोपंत मधे बसून उत्तरं देऊ लागले.

"धाप लागते का यांना?"

"नाही. सोशिक आहे ती."

"चढताना थांबावं लागतं?"

"ते खालच्या बाईंशी बोलायला."

"खोकला?"

"खोकला मला आहे."

"रात्री झोप लागते का?"

"झोपतच नाही," दत्तोपंत अभिमानानं म्हणाले. "रात्रभर बसून असते. माझ्यासाठी."

दारामागून थोडा वेळ नुसती शिट्टी आली. मग सुभद्राबाईंचा आवाज आला, तुटक, एकेका शब्दानं.

"आडवं झालं... की दम कोंडतो. म्हणून बसते."

"किती दिवस झाले हे?"

"दिवस नाही. वर्षं. आधी थंडीत व्हायचं. आता... बारा महिने."

दत्तोपंतांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून त्यांना लुगड्याचा काठ आणि पाटावर टेकलेला हात दिसत होता. तो हात त्यांनी रोज पाहिला होता. तो पाटावर टेकलेला नसून पाटाला धरून बसला आहे, हे त्यांना आत्ता दिसलं.

शेवटी देवकीला खालून बोलावलं. ती शेजारी बसली तेव्हा सुभद्राबाईंनी तपासू दिलं. डॉक्टरांनी पाठ ऐकली, नखं पाहिली, पावलं दाबून सूज आहे का पाहिलं. मग ते स्वयंपाकघरात गेले. छत काळं, भिंती काळ्या, चुलीवर काढा. फळ्या ठोकलेल्या खिडकीपाशी ते उभे राहिले.

"ही कोणी बंद केली?"

"मी," दत्तोपंत म्हणाले.

"आणि हे भांडं?"

"ते माझंच. अष्टमांश आटवायचं असतं."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी बाहेर येऊन हात धुतले आणि सावकाश सांगितलं. बाईंच्या छातीला वर्षानुवर्षं धूर बसला आहे. नळ्या आकसल्या आहेत, हवा आत जाते पण बाहेर यायला वाट नाही. हे बरं होणार नाही. सांभाळता येईल. खिडकी आजच्या आज उघडायची. चूल बंद, कोळशाची शेगडी, तीही उघड्या गच्चीवर. घरात धुरी नाही, बिडी नाही, धूप नाही. पाणी दुसऱ्यानं भरायचं. जेवण थोडं थोडं. श्वास नाकानं घ्यायचा आणि गरम दूध फुंकतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. गोळ्या ते देतील. आणि ओठ निळे दिसले, किंवा एक वाक्य पुरं करता येईना, तर ताबडतोब बोलावणं पाठवायचं.

"एक वाक्य?" दत्तोपंतांनी विचारलं.

"हो. शब्द तुटायला लागले की समजायचं."

दत्तोपंत खाली बसले. ते मघापासून उघडेच होते. सदरा घालायचा राहून गेला होता.

"आणि माझं?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं हे त्यांना विचारल्यावर कळलं.

"बिडी सोडा," डॉक्टर म्हणाले आणि जिना उतरून गेले.

फळ्या काढताना दत्तोपंतांच्या बोटावर हातोडी बसली. (ठोकताना बसली नव्हती.) खिडकी उघडली, गल्लीतला उजेड आत आला आणि स्वयंपाकघर किती काळं आहे ते दिसलं. सुभद्राबाई खिडकीशी तोंड नेऊन उभ्या राहिल्या.

"मला काहून नाही सांगितलं?" दत्तोपंतांनी विचारलं.

ओठ आवळून सुभद्राबाईंनी श्वास सोडला, डॉक्टरांनी दाखवला तसा. "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात... बायकांना व्हायचंच."

ते असं म्हणाले होते हे दत्तोपंतांना आठवलं नाही. पण ते आपलंच वाक्य आहे हे त्यांनी ओळखलं.

स्वयंपाक आता दत्तोपंत करू लागले. गच्चीवर शेगडी, शेजारी पंखा, आणि पंख्यानं निखाऱ्यांऐवजी स्वतःलाच वारा घालणारे दत्तोपंत, असं दृश्य कचेरीआधी सगळ्या गल्लीला फुकट दिसायचं. सुभद्राबाई आत खिडकीशी बसून सूचना द्यायच्या. सूचना तुटक असत, त्यामुळे घोटाळे होत. "मीठ..." एवढं म्हणून त्या श्वासासाठी थांबल्या की दत्तोपंत मीठ घालत. मग "...घालू नका, घातलंय" हा उरलेला भाग यायचा. कधी ते न घालता पुढचं ऐकायला थांबत, तेव्हा उरलेला भाग "...राहिलंय" असा निघायचा. पोळ्यांचा नाद त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडला. पातळ झालेल्या भाताला ते खीर म्हणत आणि खिरीला काही म्हणत नसत.

तरी सुभद्राबाईंना थोडा उतार पडला. रात्री उशांच्या उताराला टेकून त्यांना डोळा लागू लागला. दत्तोपंतांनी बिडी घरात सोडली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन ओढू लागले. पण परत आले की कोटाच्या वासानं सुभद्राबाईंना ढास लागायची. पहिल्यांदा त्यांनी कोट जिन्यात काढून ठेवून पाहिला. मग मिशा साबणानं धुऊन पाहिल्या. शेवटी कंटाळून बिडीच सोडली. आणि थोड्याच दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट झाली. त्यांचा सकाळचा खोकला गेला. जिना चढून आल्यावर छाती भरून येईना. त्यांनी मुद्दाम दोनदा चढून पाहिलं. इतक्या मानानं बाळगलेला दमा असा मुकाट्यानं निघून गेला याचं त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली.

मग उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा. गच्चीची फरशी तापून पाय ठेववेना. एके दिवशी तर लू अशी सुटली होती की शेगडीतली राख उडून भातात, आणि भात उडून दत्तोपंतांच्या डोळ्यांत. मारोतरावांनी आदल्या दिवशी भिवापुरी मिरचीचा वानवळा पाठवला होता. रोजच्या बेचव वरणाला सुभद्राबाई विटल्या होत्या, हे त्यांच्या ताटात राहणाऱ्या अन्नावरून दत्तोपंतांना दिसत होतं. आज तिला चार घास जास्त जावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी फक्त आजच्या दिवस शेगडी उचलून आत आणली, लू येते म्हणून खिडकी लोटून घेतली, कढईत तेल तापवलं आणि मिरच्या घातल्या. कमी पडायला नकोत म्हणून मूठभर घातल्या.

पहिला ठसका त्यांनाच लागला. डोळे चोळून ते मागे वळले तेव्हा सुभद्राबाई खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसल्या होत्या. खांदे कानांपर्यंत वर जात होते, आणि शिट्टी येत नव्हती. काहीच आवाज येत नव्हता.

"पाणी?" दत्तोपंतांनी विचारलं. सुभद्राबाईंनी मान हलवली. नको.

हात उचलून त्यांनी गच्चीच्या दाराकडे बोट केलं. दत्तोपंत धावत दाराशी गेले. गच्चीवर दोरीला लुगडं वाळत होतं.

"लुगडं काढू?"

सुभद्राबाईंनी डोळे मिटले. परत बोट केलं, जोरात.

"शेगडी? शेगडी इथंच आहे." मग त्यांना वाटलं, देवाचं काही असेल. त्यांनी देव्हाऱ्यातून अंगारा आणून त्यांच्या कपाळाला लावला. लावताना त्यांना ओठ दिसले. जांभळाच्या सालीसारखे झाले होते.

तेव्हा दत्तोपंत किंचाळले. शब्द नव्हते त्यात.

मारोतराव खालून वर आले ते खोकत आणि शिव्या देत. त्यांनी धोतराच्या सोग्यानं शेगडी धरली आणि कढईसकट गच्चीवर फेकली. खिडकी लाथेनं उघडली. सुभद्राबाईंना खुर्चीसकट उचलून गच्चीच्या दारात, वाऱ्याच्या तोंडावर नेऊन ठेवलं.

"पंखा घाला," ते दत्तोपंतांना म्हणाले. "मी डॉक्टरले आणतो."

टांगा घेऊन ते गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले, तेवढा वेळ दत्तोपंत पंखा घालत होते. लू अंगावर येत होती. "फुंक," ते म्हणत होते. "दूध फुंकतो तशी फुंक. मी करतो तसं कर." आणि तेही ओठांचा चंबू करून तिच्यासमोर फुंकत होते. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. एक श्वास आत जायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग थोडा बाहेर. प्रत्येक वेळी दत्तोपंतांना वाटे, हा शेवटचा.

डॉक्टरांनी दंडात इंजेक्शन दिलं. हळूहळू शिट्टी परत आली. इतकी वर्षं घरात असून कानाआड केलेला तो आवाज ऐकून दत्तोपंत भिंतीला टेकून रडले. देवकी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभी होती.

"काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"फोडणी दिली," दत्तोपंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा, डोळ्यांखाली काळं. दत्तोपंत भाताची पेज घेऊन आले आणि समोर बसून राहिले.

"एक मागू?" त्या म्हणाल्या.

"माग."

"देवाच्या मनात मला... दम्यानं न्यायचं आहे. तुम्ही मधे पडू नका."

त्या हसत होत्या की काय ते दत्तोपंतांना नीट कळलं नाही. पेज त्यांनी सगळी घेतली.

त्यानंतर भाजी-आमटी देवकीकडून वर येऊ लागली आणि दत्तोपंतांच्या हाती फक्त भात आणि पाणी भरणं राहिलं. पावसाळा कठीण गेला. ओल आली की छाती भरायची. दोनदा डॉक्टरांना बोलवावं लागलं. सुभद्राबाई वाळल्या. पाटल्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. दत्तोपंत आता रात्री जागे असत आणि ऐकत असत. शिट्टी बारीक आहे की जाड, दोन शिट्ट्यांमधे किती वेळ जातो, हे त्यांना अंधारात कळायला लागलं. कचेरीत ते काही सांगेनासे झाले.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, बाईंना रोज थोडं चालू द्या. बसून राहिलं तर पायांतली शक्ती जाईल, आणि मग छातीला जास्तच जड. सावकाश चालायचं, धाप लागली की थांबायचं, लाजायचं नाही.

लाजायचं नाही हे डॉक्टरांना म्हणायला सोपं होतं. महालातली बाई संध्याकाळी नवऱ्याबरोबर शुक्रवार तलावाच्या पाळीवर फिरायला निघाली, एवढंच बघायला लोकांना पुरे होतं. त्यात ती दर थोड्या पावलांवर कठडा धरून, तोंडाचा चंबू करून उभी राहणार. पहिल्या दिवशी दोन टांगेवाले आणि एक भजीवाला वळून पाहायला लागले. सुभद्राबाईंनी पदर तोंडावर ओढला. "घरी चला," त्या म्हणाल्या. "लोक बघून राहिले."

दत्तोपंतांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं, मान खाली घातली आणि खोकायला सुरुवात केली. जुना, दांडगा, सराईत खोकला. बघणाऱ्यांच्या नजरा सुभद्राबाईंवरून सरकून त्यांच्यावर आल्या. भजीवाल्यानं कीव केल्यासारखी मान हलवली. तेवढ्या वेळात सुभद्राबाईंनी पदराआड आपला श्वास खाली बसवून घेतला.

तेव्हापासून तीच रीत पडली. त्यांना धाप लागायची आणि दत्तोपंत खोकायचे. थंडी संपेपर्यंत तलावाच्या पाळीवर सगळे त्यांना ओळखू लागले. बाई सोशिक आहे, म्हातारा काही खरा नाही.

एका संध्याकाळी ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या पत्नी शोभाताई समोरून आल्या. दत्तोपंत कठड्याला धरून खोकत होते आणि सुभद्राबाई बाजूला उभ्या होत्या. शोभाताईंनी दत्तोपंतांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती वाळलात हो सुभद्राबाई," त्या म्हणाल्या. "यांचं करता करता तुमच्याच जिवाचं पाणी झालं."

"करावं लागतं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"डॉक्टर काय म्हणतात?"

सुभद्राबाईंनी नाकानं श्वास घेतला आणि गरम दुधावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडला. तलावावर धुकं उतरायला लागलं होतं. "बरं होणार नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण जपलं तर अजून थोडी वर्षं निघतील."

वाक्य अखंड झालं होतं. दत्तोपंत खोकता खोकता थांबले.

शोभाताईंनी चुकचुक केली. मग आपण रोग्याच्या समोरच हे बोलतो आहोत असं त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी आवाज खाली आणला. "ऐकू येतं का यांना?"

"कमी," सुभद्राबाई म्हणाल्या. "पहिल्यापासूनच."

तेव्हा शोभाताई पुढे झाल्या, दत्तोपंतांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या पाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पंत, बायकोला फार त्रास देऊ नका."

दत्तोपंतांनी मान हलवली. सुभद्राबाईंचा श्वास अजून पुरता बसला नव्हता, म्हणून त्यांनी कठडा पुन्हा धरला आणि आणखी थोडं खोकून घेतलं.